इंजिन पाहिजे, 1964 चं

मागच्या थंडीत जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात मी आमची अ‍ॅम्बेसेडर घेऊन गेलो. क्रोम घासून घासून बोटं काळी झालेली, पॉलिश मारलेलं, बंपरला आईनी लिंबू-मिरची बांधून दिलेली. चार लोक आले, वा वा म्हणाले, फोटो काढले. पाचवे आले ते टोपीवाले सत्तरीचे एक गृहस्थ, ते वा वा म्हणाले नाहीत, म्हणाले "बोनेट उघडा". उघडलं. डॉक्टर जसा घशात बॅटरी मारतो तशी त्यांनी आत मान घातली, मग सरळ होऊन म्हणाले, "हे मॅटाडोरचं आहे." म्हणजे त्या जुन्या डिझेल टेम्पो-व्हॅनचं इंजिन. आणि पुढच्या गाडीकडे निघून गेले.

आता मला हे माहीत नव्हतं असं नाही. गाडी आजोबांची, 1964 ची मार्क टू. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्लिश गाडीची इकडे नांदायला आलेली मुलगी म्हणा. आत बीएमसीचं (मुंबईची महापालिका नव्हे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) 1489 सीसी पेट्रोल इंजिन, एसयू कार्ब्युरेटर, सगळं कंपनीनी दिलं तसं. ऐंशीच्या दशकात काकांनी पेट्रोलचा भाव बघितला आणि ते काढून मॅटाडोरचं डिझेल बसवलं. तेव्हा कितीतरी लोकांनी हेच केलं, कोणाला त्यात काही पाप वाटलं नाही. गाडी रामबागेच्या वळणावर आली की घरात भांडी वाजायची आणि आजी चहाचं आधण ठेवायची, काका चपला काढेपर्यंत चहा तयार. काढलेल्या इंजिनाचं काय केलं हे काकांना आता आठवत नाही. "कोणालातरी दिलं असेल रे" एवढंच. आजीच्या एका वाटीचा हिशोब चाळीस वर्षं ठेवणारं आमचं घर, आणि आख्खं इंजिन कोणालातरी दिलं असेल!

तर त्या टोपीवाल्यांनंतर मला झोप लागेना, मूळचं इंजिन शोधायचंच ठरवलं. त्यात 2021 चे व्हिंटेज गाड्यांचे सरकारी नियम वाचून काढले. पहिल्या रजिस्ट्रेशनला पन्नास वर्षं झालेली पाहिजेत, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत, फी वीस हजार, आणि एवढं करून गाडी चालवायची कधी, तर प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला किंवा रिपेअरला. रोजच्या कामाला नाही. बायको म्हणाली, "अहो मग फरक काय, आत्ताही ती गॅरेजशिवाय कुठे जाते?"

वारशाचंच म्हणाल तर आमच्या इंदूरचा वारसा मोठा आहे. यशवंतराव होळकर महाराजांची ड्यूसेनबर्ग होती, चेसिस अमेरिकेचं आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतलेली. पण महाराजांना ग्रीस लागलेल्या लेंग्यानी लोहामंडीत, म्हणजे इथल्या लोखंडबाजारात, फिरावं लागलं नसणार. मला लागलं.

आधी अर्थातच आमच्या उस्तादांकडे गेलो. इंदुरात अ‍ॅम्बेसेडरच्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध, इसुझू. कारण अ‍ॅम्बेसेडर बनवणाऱ्या हिंदुस्तान मोटर्सचा इसुझू इंजिनांचा कारखाना इथे पीथमपूरलाच होता, त्यामुळे त्या इंजिनाबद्दल लोक असे बोलतात जसं ते त्यांच्या मावसभावानी केलंय. "भिया, इसुझू डाल देते हैं, मक्खन चलेगी." मी म्हटलं उस्ताद, 1964 मध्ये इसुझू नव्हतं हो या गाडीत, ते 1992 नंतर आलं. उस्तादांनी पान डावीकडून उजवीकडे घेतलं. "तो क्या हुआ? बोनट तो बंद ही रहता है ना."

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मग लोहामंडी. एका भंगारवाल्याला फोटो दाखवला, त्यानी फोटोकडे न बघता सांगितलं, "1489? रखा है. बीएमसी. ओरिजिनल." मी त्या तीन शब्दांवरच विरघळलो. अ‍ॅडव्हान्स दिला, चार माणसं लावून लोडिंग रिक्षात चढवलं, घरी अंगणात उतरवलं आणि रॉकेलचा बोळा घेऊन पुसायला बसलो. एक थर चिखल, एक थर ऑइल, परत चिखल. तासाभरानी हेड दिसायला लागलं तर मी स्पार्क प्लगच्या जागा शोधतोय. नाहीत. फिरून दुसऱ्या बाजूला आलो, तिकडेही नाहीत. प्लग असायला हवेत तिथे इंजेक्टर. डिझेल! मला नंतर कळलं की कंपनीनी साधारण 1980 च्या सुमारास जी डिझेल अ‍ॅम्बेसेडर काढली तिचं इंजिनही बरोब्बर 1489 सीसीचं होतं, बीएमसीच्याच घराण्यातलं. म्हणजे त्या भंगारवाल्यानी एक शब्द खोटा सांगितला नव्हता. परत गेलो तर म्हणाला, "भिया, आपने पेट्रोल बोला ही कहाँ?" खरंच नव्हतं बोललो. निम्मे पैसे परत मिळाले ते त्याच्या मुलाला माझी दया आली म्हणून.

मधे एक जण देवासहून फार उत्साहात फोन करायचा, त्याच्याकडे साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे 1959 च्या आधीचं. ते माझ्यापेक्षाही ओरिजिनल होतं. नको म्हटलं.

मग कॉन्टेसा, हिंदुस्तान मोटर्सचीच दुसरी गाडी. कॉन्टेसा 1984 ला आली तेव्हा तिच्यातही हेच बीएमसीचं पेट्रोल इंजिन होतं, त्यामुळे एक सापडलं तेव्हा मी टोपीवाल्यांना फोन केला (हो, नंबर मिळवला होता). ते म्हणाले, "डायनामो आहे का अल्टरनेटर?" अल्टरनेटर, म्हणजे डायनामोच्या जागी नंतर आलेला. बराच वेळ शांतता. "बसेल. पण तुम्हाला झोप येणार नाही." ते ऐकूनही मी घेणारच होतो, पण ब्लॉकच्या कडेला पुटी भरून वर रंग मारलेला दिसला, नखानी खरवडलं तर खाली वीतभर तडा.

आणि मग पॉलिटेक्निक. एका मित्राचे सासरे तिथे शिकवायचे, म्हणाले लॅबमधे एक जुनं अ‍ॅम्बेसेडरचं पडलंय, बघा. गेलो. दारातूनच दिसलं. लोखंडी स्टँडवर, पेट्रोल, डायनामो, एसयू कार्ब, टॅपेट कव्हरच्या खाचेत मूळचा गडद हिरवा रंगसुद्धा शाबूत. माझे अक्षरशः हात थरथरले. मी हळूहळू पलीकडच्या बाजूला गेलो.

पलीकडची बाजू नव्हतीच. करवतीनी सिलेंडर उभे कापलेले, आत पिस्टन लाल, व्हॉल्व्ह पिवळे, पाण्याची वाट आकाशी. सर कौतुकानी म्हणाले, "तीस वर्षं पोरं यावरच शिकतायत. हे बघा." आणि त्यांनी हँडल फिरवलं. सक्शन. कॉम्प्रेशन. पॉवर. एक्झॉस्ट. किती स्मूथ! मी म्हटलं सर, मी फिरवू का? फिरवलं. चार-पाचदा फिरवलं. सर म्हणाले नापास झालेली पोरं पण इतका वेळ फिरवत नाहीत.

दरम्यान मॅटाडोरचं इंजिन उस्तादांनी उत्साहात आधीच काढून दिलेलं, ते आमच्या ओसरीत दोन फळ्यांवर. त्यावर आई पायपुसणी वाळत घालते. कचऱ्याची गाडी सकाळी येते तेव्हा तो पोरगा रोज ओसरीकडे बघतो. परवा शेवटी विचारलंच त्यानी, "आंटी, ये गीले में जाएगा या सूखे में?" गळतं ते, त्यामुळे प्रश्न बरोबर होता.

काल रात्री उज्जैनहून एक फोन आला. पोरगा पंचविशीचा असेल, मराठीच होता. "काका, नंबर लोहामंडीतून मिळाला. मी मॅटाडोर रिस्टोर करतोय, आजोबांची आहे. त्यात कोणीतरी भलतंच इंजिन टाकलंय. तुमच्याकडे ओरिजिनल आहे म्हणे?"

मी ओसरीत गेलो, पायपुसणी बाजूला केली, नंबर नीट पुसला.

"आहे," म्हटलं. "पण आधी सांग, तुझी कुठल्या सालची?"