‘कॅमेऱ्यातून काय दिसणार?’ : एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच लिहायला बसले असते तर नुसता स्वतःचा बचाव झाला असता, म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम व्हिडिओ कॉलवरून कसे शिकवते, यावर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर ताईंनी लिहिलंय की त्यांच्या आईंनी (वय ६१) अंग बाहेर येतं म्हणून एका ठिकाणी ऑनलाइन सत्रांचे पैसे भरले आणि पाच महिने नेमाने व्यायाम केले. शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा गर्भपिशवी पार योनीच्या तोंडाबाहेर आलेली निघाली. आता ती आत धरून ठेवायला योनीत रिंग बसवली आहे. ‘हात न लावता उपचार करणारे तुम्ही लोक. कॅमेऱ्यातून काय दिसणार? तुमचं वाचूनच बायका दवाखान्यात जायच्या राहतात,’ असं त्या म्हणतात.

कॅमेऱ्यातून काय दिसतं ते आधी सांगते. ते स्नायू दिसत नाहीत. समोरच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले ते स्नायू. कपडे घालून गादीवर आडव्या झालेल्या बाईचे ते कुठून दिसणार? मला दिसतं ते आजूबाजूचं. श्वास कोंडलाय, पोट फुगतंय, मांड्या आणि ढुंगण आवळलंय, पायाची बोटं वळलीत. म्हणजे चुकतंय ते बरंचसं कळतं, बरोबर होतंय याची खात्री मात्र पटत नाही. एखादी बाई आत ओढून वर उचलायच्या ऐवजी खाली कुंथत असेल, तर पडद्यावर ते सहज निसटतं. इथे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेची २०१९ची मार्गदर्शक सूचनाही हेच सांगते: लघवी निसटण्यावर हे व्यायाम देखरेखीखाली सुरू करण्याआधी आतून बोटाने तपासून स्नायू खरंच आवळला जातोय का ते बघा. आणि मग निदान तीन महिने व्यायाम द्या.

फक्त एक गोष्ट जोडते. अमेरिकेत १९९१ साली ४७ बायकांना हा व्यायाम तोंडी समजावून सांगितला आणि मग मोजमाप घेतलं. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. १२ जणी तर असं करत होत्या की त्याने लघवी निसटणं वाढावं. तेव्हा व्हिडिओ कॉल कुठला! समोर बसवून सांगितलं होतं. आपल्याकडेही ‘रोज शंभर केगल (म्हणजे हेच आवळण्याचे व्यायाम) करा’ असा कागद हातात देऊन बाईला वाटेला लावणारे दवाखाने मी पाहिले आहेत. तेव्हा ‘दवाखान्यात गेलं की नीट शिकवतात’ हे मी गृहीत धरत नाही.

आता माझी चूक. मी लिहिलं होतं, ‘बहुतेक जणींना प्रत्यक्ष भेटीची गरज पडत नाही.’ लिहिताना डोक्यात होत्या त्या खोकलं, शिंकलं, हसलं की लघवी निसटणाऱ्या बायका. त्यांच्याबद्दल स्वीडनमधला एक चांगला अभ्यास आहे, २०१३मध्ये प्रसिद्ध झालेला: २५० बायका, सगळं दुरून, प्रत्यक्ष भेट एकही नाही. निम्म्या जणींना इंटरनेटवरून व्यायाम आणि ईमेलने पाठपुरावा, उरलेल्यांना टपालाने छापील कार्यक्रम. चार महिन्यांनी विचारलं तेव्हा दोन्ही गटांना स्पष्ट फरक पडलेला होता. (हो, टपालवाल्यांनासुद्धा! पडद्यात जादू नाही, हे त्यावरून मीही शिकले.) पण त्या बायका प्रश्नावली, दोन दिवसांची लघवीची नोंदवही आणि फोनवरची मुलाखत अशा चाळणीतून निवडलेल्या होत्या. माझं वाक्य ही चाळणी गाळून सरसकट सगळ्यांना लागू झालं, आणि लेखाच्या मथळ्यात तर अंग बाहेर येण्याचाही उल्लेख होता.

अंग बाहेर येणं हे प्रकरण वेगळं. तिथेही व्यायामाने जडपणा आणि खाली ओढल्यासारखं वाटणं कमी होतं. ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ४४७ बायकांवरच्या २०१४च्या अभ्यासात ते दिसलं. मात्र तिथे बायका आधी तपासलेल्या होत्या आणि शिकवणारी फिजिओथेरपिस्ट समोर होती. तोंडाबाहेर आलेली पिशवी व्यायामाने आत जाऊन बसेल, अशी आशा मी कुणालाच दाखवत नाही. तुमच्या आईंना कुणीतरी ती दाखवली, निदान मोडली तरी नाही. पाच महिन्यांत एकदाही ‘आधी तपासून या’ म्हटलं नाही, हा त्या लोकांचा दोष आहे आणि त्याला मी पांघरूण घालणार नाही.

‘बायका दवाखान्यात जायच्या राहतात’ यावर मात्र थोडं भांडते. १९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ६५० बायका तपासल्या, ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तेव्हा ना मोबाइल होता ना माझा ब्लॉग. आज आकडे वेगळे असतील, लाज तीच आहे. माझ्याकडे सुरगाण्याच्या बाजूची एक बाई येते. ‘येते’ म्हणजे फोनवर. नाशिकला यायचं तर एसटीने अख्खा दिवस आणि एक रोज बुडतो. फोन नवऱ्याचा, रेंज गच्चीवर टाकीपाशी, एकच इअरफोन. सासू वर आली की ती मला मोठ्याने विचारते, ‘मग गुडघ्याला शेक किती वेळ द्यायचा?’ मी पण सांगते, दहा मिनिटं. हिला मी एकदाच नाशिकला बोलावलं, तपासलं, शिकवलं, आणि पुढचे तीन महिने आठवड्याला पंधरा मिनिटं फोनवर. दर आठवड्याला या म्हटलं असतं तर दुसऱ्या आठवड्याला ती दिसली नसती.

म्हणजे पहिली भेट प्रत्यक्ष. हे मूळ लेखात ठसठशीत यायला हवं होतं. काहीतरी खाली आल्यासारखं हाताला लागतंय, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, लघवीतून रक्त जातंय, संबंधाच्या वेळी दुखतं, यातलं काहीही असेल तर माझा पहिला कॉल डॉक्टरकडे पाठवण्यापुरताच असतो. दुखणाऱ्या बायकांमध्ये स्नायू पुष्कळदा आधीच घट्ट असतात. त्यांना आणखी आवळायला शिकवलं तर दुखणं वाढतं. लघवी अडली किंवा दोन मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर फोन बाजूला ठेवायचा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

आईंबद्दल: रिंग बसवल्यावर लघवी मोकळी होते ना, आणि ती काढून धुवायला परत कधी बोलावलंय, हे विचारून घ्या. घाण वासाचं पाणी किंवा रक्त गेलं तर त्या तारखेची वाट बघू नका. बद्धकोष्ठता असेल तर तिच्यावर आधी उपाय करा, रोज कुंथलं तर रिंगही सरकते. रिंग असतानाही व्यायाम करता येतात, त्या पाच महिन्यांची सवय वाया जाणार नाही; फक्त बरोबर होतायत का ते एकदा तपासून घ्या. माझ्याकडेच या असं नाही.

लेखातलं ते वाक्य आज सकाळी बदललं. जुनं पुसलं नाही, त्यावर रेघ मारून तिथेच ठेवलंय, म्हणजे तुम्ही कशावर चिडला होतात ते पुढे वाचणाऱ्यांना कळेल.