गाडी तापली की झाकणाला हात लावू नका: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

"ओलं फडकं घ्यायचं, रेडिएटरचं झाकण उघडायचं, बाटलीभर पाणी ओतायचं आणि निघायचं. ॲम्बॅसेडरवर आयुष्यभर हेच केलं. अर्धा तास थांबा, मे महिन्यात हीटर लावा, हे घरी बसून लिहायला काय जातं?" असं तुम्ही गाडी तापल्यावर काय करावं या माझ्या सल्ल्यावर लिहिलंत. तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण झाकणाचा सल्ला इथे उत्तराशिवाय राहू देणार नाही. वाचून कुणीतरी तसं करेल.

आजच्या गाड्यांत ते झाकण साधारण १ बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढाच जादा दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो, ११० अंशांवरच्या पाण्यातल्या काहीची क्षणात वाफ होते आणि ती उरलेलं पाणी घेऊन तोंडावर उसळते. फडक्याने तळहात झाकला जातो. चेहरा, गळा उघडाच.

बॉनेटमधून वाफ येत असेल तर तेही लगेच उघडू नका. वाफ थांबल्यावर रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी नळी) फडक्यातून दाबून बघा. टणक लागला तर आत दाब आहे. मऊ पडला, हात ठेवता आला, की झाकण थोडंसं फिरवायचं, फुस्स आवाज थांबू द्यायचा, मग काढायचं. याला अर्धा तास सहज लागतो.

शिवाय ॲम्बॅसेडरचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ओतीव लोखंडाचं होतं. आता बहुतेक हेड ॲल्युमिनियमची. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम गेलं तर हेड वाकतं, तडकतं. बाटलीचं पाणी अडचणीला चालेल, पण इंजिन निवल्यावर, थोडं थोडं.

आता हीटर. डॅशबोर्डमागे असतो तो छोटा रेडिएटरच. इंजिनची उष्णता तो गाडीत आणून सोडतो. सुट्टीत खंबाटकी घाटाच्या रांगेत इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला, पण लाल पट्टीत गेला नाही, एवढ्यापुरताच हा उपाय आहे: एसी बंद, काचा खाली, हीटर आणि ब्लोअर फुल. मुलांना उकडेल, खरं आहे. बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत सोसायचं. काटा लाल पट्टीत गेला किंवा वाफ दिसली, तर थांबून इंजिन बंद. आणि काटा वर असूनही हीटरमधून गार हवा आली, तर बहुधा पाणी संपलंय किंवा फिरत नाहीये. मग पुढचं वळणसुद्धा गाठायचं नाही.

तुमच्या नव्या गाडीत काटा नसेल, तर तापमानाचा लाल दिवा लागला की लगेच थांबा.