थांब ना, सगळे येऊ देत!

साय-फाय मला आवडतं. कॉनही आवडतात, म्हणजे साय-फायच्या चाहत्यांची संमेलनं. रांगा, गर्दी, मानेला काचणारी बॅजची दोरी, यातलं काहीच मला खटकत नाही. मला ज्याचा आता मनापासून वीट आलाय त्याचं नाव आहे "आपला ग्रुप".

तीन दिवसांचं कॉन. आम्ही सहा जण. घरी आल्यावर बॅग न उघडता आधी हिशोब मांडला, की तीन दिवसांत मी नक्की पाहिलं काय? दीड परिसंवाद, चित्रप्रदर्शनाचा एक कोपरा आणि टॉयलेटबाहेरची भिंत. त्यातल्या त्यात भिंत नीट पाहून झाली. तिच्यावर आग लागली तर कुठून बाहेर पडायचं याचा नकाशा आहे, तो मी झोपेतही काढून दाखवीन. कारण दर तासाला आमच्यातलं कुणीतरी आत असायचं आणि बाहेरच्यांपैकी कुणीतरी म्हणायचं, "थांब ना, सगळे येऊ देत."

का? का येऊ देत सगळे? शाळेची सहल आहे का ही? बाई शिट्टी वाजवून डोकी मोजणार आहेत का?

सूर्यावरून निघालेला प्रकाश पंधरा कोटी किलोमीटर कापून साधारण ८ मिनिटं २० सेकंदांत पृथ्वीवर पोचतो. आम्हाला खालच्या हॉलमधून वरच्या हॉलमध्ये जायला पहिल्या दिवशी ४० मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजली मी. एकाचा बॅज खोलीवर राहिला होता. एकीला वाटेत रोबो दिसला. मग रोबोबरोबर फोटो, मग फोटो हलला म्हणून पुन्हा फोटो, मग "अगं मी डोळे मिटले" म्हणून तिसरा. शेवटी रोबोच्या आतला माणूसच घामाघूम होऊन निघून गेला. एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणात सापडलेल्या तीन गोलांची वाट सांगणारं सर्वसाधारण सूत्र नाही, हे भौतिकशास्त्रानं कधीच मान्य केलंय. तीनच गोल हं. आम्ही सहा होतो आणि त्यातल्या दोघांचं आपसात बोलणं बंद होतं.

आता पुढे कुठे जायचं हे ठरवायला काय, तर ग्रुपवर मतदान. दर वेळी. मोठ्या कॉनमध्ये एकाच तासाला दहा-बारा कार्यक्रम शेजारशेजारच्या खोल्यांत चालू असतात. त्यामागचा विचार अगदी साधा आहे, ज्याला जे हवं त्यानं तिकडे जावं. ते वेळापत्रक जुळवताना आयोजकांच्या नाकी नऊ येतात, आणि हे सगळं बहुतेक स्वयंसेवक करतात, पदरचा वेळ घालून. आणि आमच्याकडे? पाचामुखी परमेश्वर म्हणतात, आमच्याकडे सहा मुखं आणि सहा परमेश्वर. एकाला मंगळावरच्या शेतीबद्दल ऐकायचंय, एकीला अनुवादाबद्दल, एकाला नुसतं कुठेतरी बूड टेकायचंय. मतं पडतात दोन-दोन-दोन. मग चर्चा. चर्चा संपेपर्यंत तिन्ही खोल्या भरून दारं लागलेली, आणि आम्ही सहाही जण, अगदी एकदिलानं, विक्रीच्या हॉलमध्ये चौथ्यांदा तीच पोस्टरं बघतोय.

मतदान करायचंच तर ह्यूगो पुरस्कारांसारखं करा ना. १९५३ साली सुरू झालेले हे विज्ञानकथांचे पुरस्कार, मतं देतात वर्ल्डकॉन या जागतिक साय-फाय कॉनचे सभासद, म्हणजे शेवटी वाचकच. पसंतीक्रम लावायचा असतो, आणि प्रत्येक विभागात एक जास्तीचा पर्याय असतो, की यातल्या कुणालाच पुरस्कार नको. तो पर्याय शोभेचा नाही बरं का. २०१५ साली तो पाच विभागांत चक्क जिंकला. आमच्या ग्रुपच्या मतदानात हा पर्याय असता तर मी तीन दिवस डोळे मिटून तोच दाबला असता.

बरं, हे एवढ्यावर निभावलं असतं. पण आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. कॉनला लोक आवडत्या पात्राचा वेश करून येतात, आणि आमच्यातल्या एकानं चिलखत केलं होतं.

फोमचं चिलखत. हीट गननं तापवायचं, वाकवायचं, कॉन्टॅक्ट सिमेंटनं चिकटवायचं, वर रंगाचे थर द्यायचे. काम सुंदर असतं, मला त्याचं कौतुकच आहे. पण आदल्या रात्री दोन वाजता खांदे जोडायचे बाकी आहेत म्हणून दार वाजवायचं? आणि डावा पाय उजव्या पायापेक्षा मोठा झालाय हे तेव्हा कळावं? मी बसले. गोंदाच्या वासानं डोकं भणभणेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये लोक त्याचे फोटो काढतायत आणि विचारतायत, "कुणी बनवलं?" हा म्हणतो, "मीच. सहा महिने लागले." मी शेजारीच उभी, त्याची पाण्याची बाटली धरून!

ही परंपरा जुनी आहे म्हणा. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन झालं, तिथे फॉरेस्ट अॅकरमन नावाचा एक चाहता भविष्यातल्या माणसाचा पोशाख घालून फिरला. कॉनमधल्या वेशभूषेची गोष्ट निघाली की त्याचं नाव हमखास येतं. तो पोशाख शिवला होता मर्टल डग्लसनं, आणि ती स्वतःही तसाच आपण शिवलेला पोशाख घालून तिथेच होती. तिचं नाव किती जणांना माहीत आहे ते तुम्हीच आठवून बघा.

चिलखतात बसता येत नाही. जिना चढता येत नाही. शिरस्त्राण घातलं की बाजूचं दिसत नाही, म्हणून एकानं हात धरून चालवायचं. आणि टॉयलेटला जायचं तर दोघांनी मागचे पट्टे सोडायचे, मग बाहेर थांबायचं, मग पुन्हा बांधायचे. हं, आता कळलं ना ती भिंत मला एवढी पाठ कशी झाली? दारावर नकली शस्त्रं तपासून त्यांना खुणेची पट्टी बांधतात, तिथे यानं आपल्या तलवारीची पट्टी काढायला सांगितली, कारण "फोटोत वाईट दिसते". वीस मिनिटं वाद. मागे रांग. लोक आमच्याकडे बघतायत आणि मी छताकडे.

वर त्याचा रंग वाळलेला नव्हता. ज्याला घासला त्याच्या बाहीवर चंदेरी पट्टा. १९७२ च्या वर्ल्डकॉनमध्ये वेशभूषा स्पर्धेत एक जण अंगाला पीनट बटर फासून आला होता. ते दिव्यांच्या उष्णतेनं पातळ होऊन इतरांच्या पोशाखांना लागलं, आणि तेव्हापासून वेशभूषा स्पर्धांच्या नियमांत "पीनट बटर चालणार नाही" हे वाक्य येऊन बसलं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अरे वा, भारी किस्सा आहे!" गाढवापुढे वाचली गीता.

आणि आता ते, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

माझी एक आवडती लेखिका आली होती. मोठ्या सभागृहातलं भाषण नाही, एका टेबलाभोवती दहा जण आणि ती, तासभर गप्पा. नावं द्यायची, चिठ्ठ्या निघतात. माझी चिठ्ठी निघाली. आयुष्यात माझी कधी चिठ्ठी निघालेली नाही. दुपारी तीनची वेळ. मी सकाळपासून सांगत होते, तीन वाजता मी नसेन. सगळ्यांनी माना डोलावल्या. पावणेतीनला चिलखताचा डावा पाय गुडघ्यातून सुटला. हॉलच्या मधोमध. ग्लू गन कुणाच्या बॅगेत? माझ्या. चार्जर, सेफ्टी पिना, डोकेदुखीची गोळी, सगळं माझ्याच बॅगेत, कारण "तू असतेस ना". मी म्हटलं, ही घ्या बॅग, मी जाते. तर चौघं एकदम, "दोन मिनिटं थांब ना, सगळे तुला सोडायलाच येतो."

सोडायला! मी काय परदेशी निघाले होते?

तीन वाजून अठरा मिनिटांनी मी त्या खोलीच्या दाराशी पोचले. दार बंद. स्वयंसेवक मुलगी बिचारी खूप नम्र होती. म्हणाली, "पाच मिनिटं वाट पाहिली, मग प्रतीक्षायादीतल्या पुढच्यांना सोडलं." बरोबरच केलं तिनं. काचेतून मला माझ्या खुर्चीवर बसलेला माणूस दिसत होता. तो हसत होता. माझ्या मागे पाच जण उभे होते, त्यातला एक चिलखतात, आणि त्यातलं कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे गं, निदान आपण सगळे एकत्र तरी आहोत."

यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

राग थोडा शांत व्हावा म्हणून संध्याकाळी एका परिसंवादाला बसलो. तिथे आमच्यातल्या विद्वानानं माइक धरला आणि म्हणाला, "माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे." प्रत्येक कॉनमध्ये असा एक जण असतो हे मला माहीत होतं. तो माझ्या शेजारच्या खुर्चीत असेल हे माहीत नव्हतं. निरीक्षण सहा मिनिटं चाललं. सूत्रसंचालक दोनदा खाकरले. मागून कुणीतरी "प्रश्न काय?" म्हणून ओरडलं, तर हा वळून म्हणाला, "येतोय, येतोय." आला नाही. वेळ संपली. हा तो अर्धा परिसंवाद.

याच विद्वानाचा आणखी एक पराक्रम, आणि याचा राग मला चिठ्ठीपेक्षाही जास्त आहे. आमच्यात एक नवखी होती. पहिलंच कॉन. तिला फक्त मालिका माहीत, पुस्तकं फारशी वाचलेली नाहीत, आणि ती इतकी खूश होती की प्रत्येक वेशभूषेकडे बघून टाळ्या वाजवत होती. यानं पहिल्या दिवसापासून तिची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. हे पात्र कुठल्या भागात मरतं? हे यान कुठल्या वर्गाचं? मूळ कादंबरीत शेवट काय आहे? नाही माहीत? "मग तू चाहती कशी?" वर तो शेवट सांगूनही टाकला, जो तिला वाचायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तिनं टाळ्या वाजवणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखतंय म्हणून ती लवकर निघून गेली. तेव्हा मात्र कुणी म्हणालं नाही, की थांबा, सगळे येऊ देत. आणि खरं सांगायचं तर मीही म्हणाले नाही. मी तेव्हा पट्टे बांधत होते.

चाहत्यांची भांडणं काही आजची नाहीत. त्या १९३९ च्या पहिल्याच वर्ल्डकॉनला आयोजकांचं ज्यांच्याशी बिनसलं होतं, त्या फ्यूचरियन नावाच्या चाहत्यांच्या गटातल्या सहा जणांना दारातच अडवलं होतं. पुढे नावाजलेला विज्ञानकथालेखक फ्रेडरिक पोल त्यातलाच. पण त्याच गटातला एकोणीस वर्षांचा आयझॅक असिमोव्ह, पुढे विज्ञानकथेतला मोठा लेखक झाला तो, आत गेला. बघा! मित्र बाहेर आहेत म्हणून तो भिंतीला टेकून उभा राहिला नाही. आपल्या पायांनी आत गेला आणि कॉन बघितलं. हा इतिहास मी गेल्या आठवड्यात ज्याला त्याला ऐकवत सुटलेय. यातून मी चुकीचं तात्पर्य काढतेय असं एक जण म्हणाला. काढू दे.

खोलीबद्दल थोडक्यात. कॉनला जाणाऱ्यांत पाच-दोन-एक नावाचा नियम आहे. रोज किमान पाच तास झोप, दोन वेळचं जेवण, एक आंघोळ. इतका सोपा नियम लिहून का ठेवावा लागला हे एका खोलीत सहा जण राहिल्यावर कळतं. चिलखतवाल्यानं दोन-एक-शून्य केलं. फोमच्या आत. तीन दिवस.

आता मी घरी पडून आहे. घसा बसलाय, नाक वाहतंय. कॉनहून आल्यावर असं होतंच, हजारो माणसं एका छताखाली तेच दरवाजे, तेच माइक हाताळतात. पण मला हा आजार हॉलमधल्या हजारोंकडून आलेला नाही. दुसऱ्या रात्री माझ्याच उशीवर कोण शिंकत होतं ते मला माहीत आहे.

आणि ग्रुपवर आत्ता, हे लिहीत असतानाच, पुढच्या वर्षीचं मतदान आलंय. खोल्या किती घ्यायच्या? एक की दोन? चिलखतवाल्यानं खाली लिहिलंय, "या वेळी पंख पण करतोय!" तीन जणांनी बदाम टाकलेत. नवखीनं अजून बघितलेलं नाही. मी तिला वेगळा मेसेज टाकलाय, की माझं पुढच्या वर्षीच्या बॅजचं बघणं चाललंय, तुझा घेऊ का, आणि आत गेल्यावर तू तुझ्या वाटेनं, मी माझ्या.

बाकीच्यांना अजून काही सांगितलेलं नाही. आणि हो, तीन दिवस माझा चार्जर वापरला तो कुणाकडे राहिलाय? मुकाट्यानं परत करा.