‘घरातील कोणाची तरी मदत घ्यावी’

दोन महिन्यांपूर्वी दादाने एका संस्थेला तक्रार पाठवली होती, तिचा ऑनलाइन अर्ज त्याला भरता आला नाही म्हणून. आज उत्तर आलं. एकच ओळ. ‘अडचण येत असल्यास कृपया घरातील कोणाची तरी मदत घ्यावी.’ त्याने हेडफोन काढून लॅपटॉपच्या आवाजात ती मला ऐकवली, त्याच्या नेहमीच्या वेगात. त्या वेगातलं मला एरवी काही कळत नाही. ही ओळ मात्र लख्ख कळली आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

दादाला दिसत नाही हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. त्याच्या लॅपटॉपचा पडदा कायम काळा असतो हे बहुधा माहीत नसेल. स्क्रीन रीडरमध्ये, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, तशी सोय असते, काम चालू ठेवून पडदा झाकायची. मागे कोण उभं आहे हे त्याला दिसत नाही, मग मागच्यालाही काही दिसू नये, इतका साधा हिशेब. तो वापरतो तो एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतला, दुसरा अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि आजही तो फुकट मिळतो. म्हणजे आपल्या वाटणीचं काम या लोकांनी कधीच करून ठेवलंय. वेबसाइट बनवणाऱ्याने फक्त प्रत्येक बटनाला नाव द्यायचं असतं, म्हणजे ते वाचून दाखवता येतं.

तेवढंही होत नाही. त्या दिवशी तो आरोग्याची माहिती विचारणारा एक लांबलचक अर्ज भरत होता. अर्धं पान नुसतं ‘बटन, बटन, बटन’ बोलत होतं. एकेक दाबून बघत, चुकलं की मागे येत, त्याने पाऊण तासात तो पुरा केला. आणि शेवटी कॅप्चा, आपण यंत्र नाही, माणूस आहोत हे पटवून द्यायचं कोडं. ज्या चौकोनांत सिग्नल आहे ते निवडा. आवाजाचा पर्याय नाहीच. मग त्याने हाक मारली, ‘अगं, जरा डोळे दे.’ आमचा लहानपणापासूनचा शब्द आहे हा. पत्र आलं, औषधाच्या बाटलीवरची तारीख बघायची असली, की डोळे दे.

पण मी डोळे द्यायचे तर त्याला पडदा उघडावा लागतो. त्याने उघडला. कॅप्चाच्या वरतीच, त्याने भरलेल्या उत्तरांत, मला एक ओळ दिसली. काय होती ते इथे लिहिणार नाही. त्याने ती घरात कोणालाच सांगितली नव्हती. मी वाचली हे त्याला माझ्या गप्प होण्यावरून कळलं. दोघंही काही बोललो नाही. सिग्नलचा खांब एका चौकोनात आणि दिवा दुसऱ्यात, खांब धरायचा की नाही या घोळात मी असताना वेळ संपली. अर्ज कोरा झाला.

आता सांगा, मदत मिळाली ना त्याला? घरातल्याचीच मिळाली. मग नेमकं काय चुकलं, असं त्या उत्तर लिहिणाऱ्याला वाटत असणार. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात सुगम्यतेचं, म्हणजे सगळं अपंगांनाही वापरता यावं असं सांगणारं, कलम नववं आहे, ते निदान भाषणांत तरी येतं. त्यातलं बाविसावं कलम कोणी काढत नाही. अपंग व्यक्तीच्या आरोग्याची माहिती इतरांच्या माहितीइतकीच खासगी राहिली पाहिजे, असं ते सांगतं. ती ओळ कधी सांगायची, मला सांगायची की नाही, हे दादाने ठरवायचं होतं. ते एका सिग्नलच्या चित्राने ठरवलं.

आणि वेळ संपण्याचं तर मला कोणी समजावूच नये. वेबच्या सुगम्यतेचे जे जागतिक नियम आहेत त्यांत २००८ पासून लिहिलंय की वेळेची मर्यादा घालायची तर ती बंद करायची किंवा आधीच बदलून घ्यायची सोय द्या, नाहीतर संपण्याआधी सूचना द्या, वाढवून घ्यायला किमान वीस सेकंद द्या आणि असं दहा वेळा तरी वाढवू द्या. नियमांच्या तीन पातळ्यांतली ही सगळ्यात खालची, किमान पातळी आहे. दादाला एकदाही विचारलं नाही. कॅप्चाचं म्हणाल तर ही कोडी लोकांना बाहेर ठेवतात हे त्याच वेबचे नियम करणाऱ्यांनी २००५ मध्येच लिहून ठेवलं होतं. तरी २०२३ च्या नव्या नियमांत, लॉगिनला कोडी घालू नका म्हणताना, चित्रातली वस्तू ओळखायला लावायला मधल्या पातळीवर सूट ठेवलीच. नेमकी तीच.

हो, बॉट असतात, म्हणजे माणसासारखे वागणारे प्रोग्राम. खोटे अर्ज भरून यंत्रणा बंद पाडणारे असतात, त्यांना अडवावं लागतं, मान्य. पण आज यंत्रं ही चित्रं झटक्यात ओळखतात. अडकतो तो माझा भाऊ.

हे फक्त कॉम्प्युटरचं नाही. माझी एक मैत्रीण व्हीलचेअर वापरते. पायऱ्या आल्या की तिला ऐकावं लागतं, ‘काळजी करू नका, चौघं मिळून उचलतो.’ उचलणारे मनाने चांगले असतात, मीही उचललंय. पण उचलताना कोणाचा हात कुठे लागतो हे तिलाच माहीत. १२ मार्च १९९० ला वॉशिंग्टनमध्ये साठहून जास्त माणसं व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवून संसदेच्या पायऱ्या सरपटत चढली. त्यांत आठ वर्षांची एक मुलगी होती. त्यांना उचलून न्यायला माणसं मिळाली नसती असं नाही. त्यांना उचलून घ्यायचंच नव्हतं, अपंगांशी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा हवा होता. त्याच वर्षी २६ जुलैला त्यावर सही झाली.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ती ओळ लिहिणाऱ्याला दादाचा अपमान करायचा नसेल. कदाचित त्याच्या घरीही कोणीतरी असेल, ज्याला तो रोज प्रेमाने मदत करतो. मीही करते, आणि उद्याही दादाने हाक मारली तर हातातलं टाकून जाईन. पण माझं त्याच्यावर प्रेम आहे म्हणून यांनी बटनाला नाव द्यायचं नाही, हे मला समजत नाही. आणि ज्याच्या घरात कोणीच नाही त्याने काय करायचं? त्याला आज काय उत्तर गेलं असेल?

मघाशी पुन्हा हाक आली. उत्तर ऐकवून झाल्यावर तो तोच अर्ज परत भरायला बसला होता, कारण अर्ज त्याला हवाच आहे. मी जाताना टेबलावरची वही घेऊन गेले. त्याने पडदा उघडायच्या आधीच मी वरचा भाग वहीने झाकून धरला आणि खाली फक्त चौकोन राहू दिले. या वेळी बस होत्या. तीन चौकोन, चूक झाली नाही, अर्ज गेला.

‘वही कशाला आणलीस?’ त्याने विचारलं. पानांचा आवाज त्याला आला होता.

मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘बस जरा. ते त्या दिवशी तू वाचलंस ना, ते सांगतो.’