टेकडी ‘बोडकी’ नाही: पावसाळी मेसेजला उत्तर

पहिला पाऊस पडला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडाफार असा: ‘आपल्या टेकड्या बोडक्या झाल्यात. रविवारी या, मिळेल ते झाड लावा, बीजगोळे (बिया घालून वळलेले मातीचे गोळे) फेका. तलावातली जलपर्णी काढली, गाळ उपसला की पक्षी आपोआप येतील.’ पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. मजकूर मात्र जवळपास सगळाच चुकीचा.

‘टेकड्या बोडक्या आहेत.’ मे महिन्यात वेताळ टेकडीवर उभं राहिलं तर तसं वाटतं खरं. पण खाली बेसॉल्टचा कातळ, वर जेमतेम वीतभर माती, आणि सातेकशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत संपणारा. अशा जागी गवत आणि मधूनमधून सालई, मोई, गणेर, हेकळ, एवढंच उगवायचं. मातीत कंदीलपुष्पाचे कंद असतात, उन्हाळ्यात वर काही दिसत नाही, आणि रोपासाठी खड्डा घेताना कुदळ नेमकी त्यांच्यावर बसते. टिटवी तर उघड्या खडीतच अंडी घालते, खड्यांच्याच रंगाची. पाय पडायची वेळ येईपर्यंत ती दिसत नाहीत. चंडोलही जमिनीवरच घरटं करतो. दाट झाडी झाली की दोघांनी जायचं कुठं?

‘मिळेल ते झाड लावा.’ हा प्रयोग करून झालाय. त्याचं नाव गिरिपुष्प, उर्फ उंदीरमारी. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड काही दशकांपूर्वी इथल्या टेकड्यांवर मुबलक लावलं गेलं. हिरवाई लवकर दिसली, हे मान्य. आता त्या रानात शिरून खाली बघा, गवत शोधावं लागतं. ‘मुळांच्या गाठी जमिनीला नत्र देतात’ हे कौतुक नेहमी ऐकू येतं. शेताच्या बांधावर ते ठीक आहे. माळावर जादा नत्रावर तण माजतं आणि हलक्या जमिनीला सरावलेलं गवत मागे पडतं. शिवाय तोडलं तरी बुंधा पुन्हा फुटतो. पावसाळ्यामागून पावसाळे फुटवे खुडत बसायचं काम आहे ते. फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नसतं, म्हणून मेसेजमध्येही ते नसतं.

‘जलपर्णी काढा, पक्षी येतील.’ पाषाण तलावात राम नदीतून सांडपाणी येतंय तोवर जलपर्णीला खुराक चालूच. काढाल तेवढी परत येणार. आणि सरसकट गाळ उपसून काठ दगडांनी बांधला तर शेकाट्या आणि तुतवार या पाणथळीतल्या पक्ष्यांनी चरायचं कुठं? त्यांना घोटाभर पाणी आणि चिखलच लागतो.

राहिले बीजगोळे. कातळावर पडलेल्या गोळ्यातून रोप आलंच, तरी पाऊस सरल्यावर ते टिकणं अवघड. त्यापेक्षा मोज्यात रुतणारं कुसळ नीट बघा. कुसळी गवताच्या बीला पीळदार शेपटी असते. ओल लागली की पीळ उलगडतो, सुकलं की परत बसतो, आणि असं फिरत फिरत बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. त्याला आपल्या गोळ्यांची गरज नाही. फेब्रुवारी ते मे कुणी टेकडीला काडी लावली नाही, लागलेला वणवा वेळीच विझवला, तर त्याचं भागतं. नेमक्या त्याच महिन्यांत ग्रुपवर टेकडीचा एकही मेसेज येत नाही.