'खुर्ची आणि कोलेस्टेरॉल' : एका प्रतिक्रियेला उत्तर

दिवसभराच्या बैठ्या कामाचा कोलेस्टेरॉलशी संबंध आहे आणि चालायला लागल्यावर माझे आकडे सुधारले, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर 'स्पष्टवक्ता' या नावाने आलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर लिहिण्याआधी एक दिवस मुद्दाम जाऊ दिला. आपले आक्षेप थोडक्यात असे : लंडनच्या बसगाड्यांवरील अभ्यासाचे वर्ष मी चुकीचे दिले, पाळी जाण्याच्या सुमारास कोलेस्टेरॉल वाढतेच, त्याचे खापर खुर्चीवर फोडता येत नाही, ज्या काळात मी चालायला लागले त्याच काळात रात्रीचा भातही सोडला होता, तेव्हा श्रेय नेमके कशाला, आणि शेवटी, 'पगार घेऊन दिवसभर खुर्ची उबवणाऱ्या बाईने घरात राबणाऱ्या बायकांना हालचालीचे धडे देऊ नयेत.'

वर्षाची चूक मान्य. ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांचा तो अभ्यास 1953 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माझ्या हातून 1963 लिहिले गेले. बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता, हे सांगताना ते सगळे पुरुष होते हेही मी नमूद करायला हवे होते. ते आपल्या नजरेतून सुटले, मीच सांगते.

आता त्या शेवटच्या वाक्याविषयी. मतभेदाला माझी कधीच ना नसते, परंतु 'उबवणाऱ्या' हा शब्द आपण विचारपूर्वक निवडलेला दिसतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मी 1993 साली एका बँकेत लिपिक म्हणून लागले. त्या वेळी खातेदाराची सही पडताळायची तर उठून नमुना सह्यांच्या कपाटापर्यंत जावे लागे, जाडजूड लेजर पोटाशी धरून या टेबलावरून त्या टेबलावर न्यावे लागे. पुढे संगणक आले, कोअर बँकिंग आले, सही पडद्यावर दिसू लागली आणि पासबुकाचा प्रिंटर हाताशी आला. काम कमी झाले नाही; उठणे तेवढे संपले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डबा अर्धवट उघड्या ड्रॉवरमध्ये ठेवून दोन खातेदारांच्या मधल्या वेळात पोळीचा घास घ्यायचा आणि पाणी बेतानेच प्यायचे, कारण काउंटर सोडून जाण्याची सोय नाही. संध्याकाळी चपलेचा पट्टा सुजलेल्या पायावर रुतलेला असे. याला जर आपण उबवणे म्हणत असाल, तर अंडी कोणती निघाली तेही सांगावे.

शिवाय घरी आल्यावर ओटा माझीच वाट पाहत असे. तो पगारदार बाईला सूट देत नाही. तेव्हा घरात राबणे म्हणजे काय हे मला तुमच्याकडून शिकण्याची गरज नाही. मी लिहिले होते ते इतकेच की दमणे आणि व्यायाम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्थ बसलेल्या शरीराला जितकी ऊर्जा लागते तिच्या किमान तिप्पट ऊर्जा लागली तर ती मध्यम हालचाल धरतात. उभ्याने भांडी घासणे सहसा तिथवर पोहोचत नाही, उकिडवे बसून फरशी घासणे पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली आठवड्याला 150 ते 300 मिनिटे सांगितली ती या मध्यम हालचालीची, आणि त्याच्या जोडीला बैठक कमी करा असेही सांगितले. यात कोणाच्या कष्टांचा अपमान कुठे झाला?

'आमच्या आया कुठे चालायला जात होत्या,' असेही तुम्ही विचारता. माझी आई वाईजवळच्या खेड्यात विहिरीचे पाणी ओढत असे आणि जात्यावर दळत असे. नंतर नळ आला, गिरणी आली, आणि पुढची वीस वर्षे ती ओट्याशी उभी किंवा निवडण-टिपण करत बसलेली होती. तिचे कोलेस्टेरॉल किती होते ते मला सांगता येणार नाही, कारण 57व्या वर्षी छातीत दुखून दवाखान्यात नेईपर्यंत ते कोणी तपासलेच नव्हते.

माझे मात्र कागदावर आहे. 2021 साली, वयाच्या 51व्या वर्षी, ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, 212 आणि एचडीएल, म्हणजे ज्याला 'चांगले' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, 38 होते (आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). बाईचे एचडीएल 50च्या खाली असले की ते कमी समजतात. रोज 45 मिनिटे भरभर चालणे आणि दर तासाला उठून जिन्याची एक फेरी, असे नऊ महिने केल्यावर तेच आकडे 148 आणि 44 झाले. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, 148 वरून 145 वर आले, म्हणजे जवळजवळ हललेच नाही, आणि हे मी मूळ लेखातही लपवले नव्हते. चालण्याचा परिणाम ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएलवर अधिक दिसतो, एलडीएलवर बेताचाच. आपल्याकडचे दुखणे तर एचडीएलचेच आहे : महाराष्ट्रही ज्यात होता त्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 'इंडियाब' या पाहणीत, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, 72 टक्के लोकांचे एचडीएल कमी भरले.

पाळीचा मुद्दा नवा नाही. शेवटच्या पाळीच्या आगेमागे एलडीएल चढते हे अमेरिकेतल्या 'स्वान' या दीर्घ अभ्यासाने दाखवले आहे, मी ते कुठेही नाकारलेले नाही. पाळी जाणे कोणाच्या हाती नाही, खुर्चीतून उठणे आहे. यापलीकडे त्यात वाद घालण्यासारखे मला काही दिसत नाही. भाताचा विषय स्वतंत्र आहे, तो इथे काढण्याचे कारण नव्हते.

मूळ लेखात 1963चे 1953 केले आहे. तुमची प्रतिक्रिया होती तशीच ठेवली आहे, 'उबवणाऱ्या'सकट.