दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मराठीतच उत्तर देतो. न्यू जर्सीत दुकान टाकून बरीच वर्षं झाली, पण आपल्या भाषेतली तक्रार जरा जास्तच लागते.

'बॅटलफ्लीट मार्स' या मंगळावरच्या बंडाच्या पटावरच्या खेळाच्या डब्यात तीन सोंगट्या कमी निघाल्या, ही चूक माझीच. जुना खेळ मोजून देतो अशी पाटी मीच लावलीय, आणि हा डबा न मोजता दिला. खेळ १९७७चा. तो काढणारी न्यूयॉर्कची एसपीआय ही कंपनी १९८२मध्येच दुसऱ्यांच्या हाती गेली, त्यामुळे नव्या सोंगट्या मागवायची सोय नाही. माझ्याकडे याच खेळाचा एक अर्धवट डबा पडून आहे, त्यातल्या तीन तुमच्यासाठी बाजूला काढल्यात. 'दोन तासांत होतो' हेही फोनवर मीच म्हणालो होतो. माझ्या डोक्यात नुसता अंतराळातल्या जहाजांच्या लढाईचा छोटा डाव होता. तुम्ही मुलाबरोबर अख्खी मोहीम मांडलीत. शनिवार गेला, मुलगा वैतागला, आणि यात तुमचं काहीच चुकलं नाही.

पण 'बंड खेळायला बसलो आणि रेल्वेचं वेळापत्रक खेळून उठलो' हे वाचून आधी हसलो, मग वाटलं, अहो, तीच तर गंमत आहे! पटावर ग्रह आपापल्या कक्षेत सरकत राहतात. पृथ्वी-मंगळ अंतर जवळात जवळ साडेपाच कोटी किलोमीटर, लांबात लांब चाळीस कोटी. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ला निघालं ते २४ सप्टेंबर २०१४ला पोचलं. खेळातली जहाजं त्याहून वेगवान असली तरी कुमक उद्या येत नाही, आणि बंडवाल्याचा सगळा हिशोब त्या उशिरावरच चालतो. तुम्ही पृथ्वीकडून खेळलात म्हणून तो उशीर टोचला. मुलाला विचारून बघा, त्याला तोच आवडला असेल.

दुसरं, 'स्वातंत्र्यलढा म्हणून घेतला, निघालं कामगार आणि कंपनीचं भांडण.' खरंय, २०९२मध्ये मंगळावरचे लोक उठतात ते एरीस नावाच्या कंपनीविरुद्ध. पण हे आपल्याला नवीन का वाटावं? मुंबई १६६८मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने मिळाली ती एका व्यापारी कंपनीला. १८१८मध्ये पेशवाई बुडवली तीही कंपनीनेच. 'कंपनी सरकार' हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होता. वसाहत म्हणजे राजाचीच असते, हा समज निदान आपण तरी करून घेऊ नये. (नियमांची पुस्तिका मात्र किचकट आहे. तिथे मी तुमच्याच बाजूने.)

सोंगट्या सोमवारी टपालाने निघतील. खेळ नकोच असेल तर परत आणा, पूर्ण पैसे मिळतील. तीन सोंगट्या नव्हत्याच, तेव्हा कापाकापीचा प्रश्न येत नाही. आणि रविवारी दुपारी मुलाला घेऊन आलात तर मागचं टेबल रिकामं असतं. त्याला मंगळ देऊ, पृथ्वी मी घेतो. नुसती लढाईच मांडू. घड्याळ तुम्ही लावा.